सुलास्त्री वळते ती जागा

सिनेमाचं रीळ नुसतं बोटांमधून सरकवलं तरी ते कुठे कुठे राहून आलंय हे कळायचं. दमट हवेतली फिल्म किंचित चिकट लागते. फार तापणाऱ्या मशीनवर चाललेली फिल्म कडेला पापडासारखी लहरते. निष्काळजी हाताखालून आली असेल तर कडेची भोकं फाटलेली असतात. आणि जिथे लोकांनी शिट्ट्या मारून तोच भाग पुन्हा लावायला लावला असेल, तिथे ओरखडेच ओरखडे. यात हुशारी काही नाही. रोज भाकरी थापणाऱ्या बाईला पिठात हात घातल्यावर ते ताजं आहे की जुनं ते कळतं, तसंच हे.

ड्युसेलडॉर्फच्या स्टेशनमागे एका अंगणातल्या इमारतीत, वरच्या मजल्यावर आमची खोली होती. तिथे मी बरीच वर्षं फिल्मा तपासायचं आणि सांधायचं काम केलं. हे यंत्रांच्या कारखान्यात फिटरचं काम शिकायला आले आणि तिथेच राहिले. मागोमाग मी गेले. माझं शिक्षण चौथीपर्यंत. जर्मन येत नव्हतं, आणि चारचौघांत बोलायची सवय तर मराठीतही नव्हती. पण कोल्हापूरकडे माझे मामा जत्रांमधून तंबूत सिनेमा दाखवत हिंडायचे. तुटलेल्या फिल्मची टोकं पात्याने खरवडायची, त्यांना सिमेंट लावायचं, म्हणजे ते उग्र वासाचं पातळ औषध, आणि अंगठ्याने दाबून धरायचं, हे काम लहानपणापासून माझ्याकडे होतं. मामांची बोटं जाड, माझी बारीक, एवढंच कारण.

ह्यांच्या कारखान्यातल्या एका ओळखीने मला त्या खोलीत नेलं. तिथल्या मुख्य बाई फ्राऊ केसलर. उंच, पांढरा कोट, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा. त्यांनी नाव-गाव न विचारता फिल्मचे दोन तुकडे माझ्यापुढे ठेवले. मी सांधून दिले. त्यांनी ओढून पाहिलं, उजेडाला धरून पाहिलं आणि सुती हातमोज्यांचा एक जोड मला दिला. बाकी सगळं नंतर.

काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं. टेबलावर दोन बाजूंना दोन चकत्या, मध्ये दुधी काच, काचेखाली दिवा. एका चकतीवरचं रीळ हाताने फिरवत दुसरीवर घ्यायचं. एका सेकंदाच्या सिनेमात चोवीस चौकटी असतात, म्हणजे चोवीस बारीक चित्रं. फाटलेली चौकट काढायची, दोन टोकं सांधायची, पुढे जायचं. प्रेक्षकाला कळता कामा नये. कळलं नाही तर काम चांगलं झालं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची असत. आयफेलच्या डोंगरातल्या एका गावात चर्चतर्फे सिनेमा दाखवत. तिथले पाद्रीबाबा खेळाआधी चुंबनं कापून घेत आणि रिळं परत करताना ती वेगळी सिगारच्या खोक्यात घालून पाठवत. एकदा त्यांनी दोन-तीन सिनेमांची चुंबनं एकाच खोक्यात भरली. आम्ही अख्खी दुपार ती ओळखत बसलो. फ्राऊ केसलर भिंग लावून विचारायच्या, "फ्राऊ शिंदे, ही मिशी कोणत्या सिनेमातली?" मी लाजेने मान वर करत नसे. माझ्या घरी हे सांगायचीही सोय नव्हती.

आणि एक बाई यायची. युद्धातल्या कैद्यांची गाडी स्टेशनात आली त्याची जुनी बातमीची फिल्म आमच्याकडे होती. गर्दीतला एक माणूस कॅमेऱ्यासमोरून जातो, तो आपला नवरा आहे असं तिला एका थिएटरात वाटलं होतं. फ्राऊ केसलर तिला माझ्या टेबलाशी बसवायच्या. मी चकती हळूहळू फिरवायची. ती प्रत्येक चौकट बघायची आणि शेवटी म्हणायची, "नाही. हा नव्हे." आभार मानून जायची. काही महिन्यांनी पुन्हा यायची आणि तीच फिल्म मागायची. मी एकदा फ्राऊ केसलरना विचारलं, तिला नाही म्हणून का सांगत नाही? त्या म्हणाल्या, "आल्झो, हे बघा, फिल्म तीच असते. पण ती जातानाचा तिचा चेहरा दरवेळी वेगळा असतो. कोण जाणे, एखाद्या दिवशी हो म्हणेल."

त्या वेळी मला हे विचित्र वाटलं होतं. पुढे जावा बेटावरून डबे आले आणि वाटेनासं झालं.

ते डबे हिवाळ्याच्या तोंडाला आले. पत्र्याचे, कडा गंजलेल्या. मी पहिल्या डब्याचं झाकण काढलं आणि खोली लवंगेच्या वासाने भरली. फ्राऊ केसलर धावत आल्या. त्यांना वाटलं फिल्म कुजून काही वायू सुटलाय. मी म्हटलं, "लवंग आहे." त्या म्हणाल्या, "फिल्मच्या डब्यात?" तिकडचे ऑपरेटर लवंग घातलेल्या सिगारेटी ओढतात हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. रीळ उलगडायला लागले, तर वेटोळ्यांमध्ये मोगऱ्याच्या पाकळ्या. वाळून पिवळट, कागदासारख्या झालेल्या. एवढ्या वर्षांत मी ड्युसेलडॉर्फमध्ये मोगरा पाहिला नव्हता. फ्राऊ केसलर म्हणाल्या, "कचरा. पुसून टाका." मी पुसल्या, पण टोपलीत टाकवेनात. रुमालात बांधून घरी आणल्या आणि रविवारी ऱ्हाइन नदीत सोडल्या. हे शेजारी उभे होते. म्हणाले, "जपून हं. परदेशी निर्माल्य टाकलं म्हणून पोलीस दंड करायचे."

डबे उघडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी डब्यांचा माणूस आला होता. त्याचं नाव हार्तोनो. ब्राउनश्वाइगला तंत्रशाळेत शिकणारा इंडोनेशियाचा मुलगा, तिशीच्या आतला, अंगावर दुसऱ्याचा वाटावा असा मोठा कोट. सिनेमावाल्यांचं जर्मनीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी हे काम त्याच्यावर सोपवलं होतं. त्याचं जर्मन माझ्यापेक्षा खूप बरं, पण सावकाश बोलायचा, त्यामुळे मला कळायचं.

"तुम्ही इंडियन?" त्याने मला विचारलं.

मी मान हलवली.

"मग आपलं जुनं भांडण आहे," तो हसून म्हणाला. "आमच्याकडे चांगली थिएटरं तुमच्या सिनेमांना मिळतात. नाही तर अमेरिकेच्या. आमचे सिनेमे मागच्या गल्लीत, पत्र्याखाली, बाकड्यांवर. माझी आईसुद्धा तुमची गाणी गुणगुणते, एक शब्द कळत नाही तरी. पण हा सिनेमा लागला आणि आमच्या गावच्या मालकाने पहिल्यांदा तुमचा सिनेमा उतरवून आमचा लावला. लोक बैलगाड्यांनी आले. तिकीट मिळालं नाही ते भिंतीला कान लावून उभे राहिले."

"असं काय आहे त्यात?" फ्राऊ केसलरनी विचारलं.

"भूत आहे," तो म्हणाला. "आणि माझी बहीण आहे."

गोष्ट साधी होती. कापडावर मेणाने नक्षी काढणारी एक बाई बाळंतपणात मरते. पण रोज दिवेलागणीला ती घरी येते, पाळण्याशी बसते, बाळाला जोजवते आणि जाते. फक्त पाठ दिसते. नवऱ्याला कळतं. त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं की तिला हाक मारू नकोस. तिने एकदा तुझ्याकडे पाहिलं की तिची पुन्हा घरी यायची वाट बंद. तो बरेच दिवस गप्प राहतो. शेवटी एका संध्याकाळी राहवत नाही, हाक मारतो. ती थांबते, वळते, त्याच्याकडे पाहते. मग दारात कुणी नसतं. त्या एका वळण्यासाठी लोक पुन्हा पुन्हा येत.

ती बाई म्हणजे सुलास्त्री, हार्तोनोची बहीण. तिने एवढाच एक सिनेमा केला. हार्तोनो जर्मनीला निघाला तेव्हा चित्रण सुरू व्हायचं होतं. सिनेमा लागला, गाजला, हे त्याला घरून कळत होतं. पुढच्याच वर्षी ती तापाने गेली. बोटीच्या प्रवासाला महिना लागायचा. तो गेलाच नाही. आता मूळ निगेटिव्ह गोदामात बुरशीने गेलं होतं. प्रती चालून चालून चिंध्या झाल्या होत्या. त्यातल्या त्यात धड होती ती आमच्याकडे आली होती. तिच्यावरून नवं निगेटिव्ह करायचं आणि नव्या प्रती काढून सिनेमा पुन्हा लावायचा, असा मालकांचा बेत होता.

"त्यांना धंदा करायचाय, करू देत," हार्तोनो म्हणाला. "मला फक्त ती वळताना बघायचीय. फोटो आहेत माझ्याकडे. फोटोत ती बसलेली असते. लहानपणी मी मागून हाक मारली की ती लगेच वळायची नाही. आधी थांबायची. मग हनुवटी खाली, मग मान. ते कुठल्याच फोटोत नाही. ते या डब्यात आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राऊ केसलर म्हणाल्या. "फ्राऊ शिंदे बघतील."

मी बघायला लागले. फिल्म आकसलेली होती, भोकं मशीनच्या दात्यांवर बसेनात. पण ते सगळ्याच जुन्या फिल्मांचं असतं. भीती वाटली ती शेवटच्या रिळाला. काचेवर तिची पाठ आली. अंबाड्यात फुलं, खांद्यावरून घेतलेलं वस्त्र. चकती फिरवली, पाठ. आणखी फिरवली, पाठ. मान जराशी कलल्यासारखी झाली, आणि पुढच्याच चौकटीत रिकामं दार. मी मागे घेऊन पुन्हा फिरवलं. पाठ, पाठ, रिकामं दार. फ्राऊ केसलर माझ्या खांद्यावरून पाहत होत्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कुठे गेली?"

त्या जागी सांधेच सांधे होते. एकापुढे एक, नखाएवढ्या अंतरावर. तुटलेली फिल्म अशी नसते. कुणीतरी एक चौकट काढून सांधा केला होता, मग दुसऱ्याने शेजारची, मग तिसऱ्याने. आणि जपून केलेले सांधे होते, चोरट्या हाताचे नव्हते. सिमेंटच्या कडेला एका ठिकाणी पाकळीचा तुकडा अडकलेला होता. मग मी आदल्या दिवशी पुसलेली जागा आठवून पाहिली. पाकळ्या रिळभर विखुरलेल्या नव्हत्याच. ती दिसते तिथेच, सांध्यांशीच होत्या.

माझे मामा देवादिकांचा सिनेमा दाखवायचे तेव्हा खेळाआधी मशीनला नारळ फोडायचे. देवाच्या चेहऱ्याची चौकट फाटली तर ती कचऱ्यात टाकायचे नाहीत. फूल वाहून पंचगंगेत सोडायचे. त्यामुळे मला वाटलं ते मी कसंबसं बोलले. हार्तोनो पुढच्या शनिवारी आला तेव्हा फ्राऊ केसलरनी मला पुढे केलं. मी काचेवरचे सांधे दाखवले आणि म्हटलं, "घेतलं, आणि फूल ठेवलं."

तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "हो. ऑपरेटर. खेळ संपून फिल्म पुढच्या गावी जायच्या आधी एक चौकट ठेवून घेतात. फूल ठेवलं की ती रागावत नाही. माझ्या मामेभावाने सांगितलं होतं, मी हसलो होतो. चौकट दुकानात लावतात, होडीत ठेवतात. पोराला ताप आला तर उशीखाली." त्याने काचेवरच्या पाठीकडे पाहिलं. "किती गावांत चालला असेल सिनेमा. जेवढा चालला तेवढी ती गेली. आता ती सगळीकडे आहे, फक्त इथे नाही."

फ्राऊ केसलर म्हणाल्या, "परत मागवा."

"असं कसं मागणार? त्यांनी फुलं दिलीत."

"उसन्या मागवा. नवी प्रत झाली की ज्याची त्याला परत. माझ्या खोलीतून आजवर काही हरवलेलं नाही."

त्याने डबे पोहोचवणाऱ्या माणसांकरवी गावोगावच्या ऑपरेटरांना निरोप धाडला: सुलास्त्रीचा भाऊ तिला एकदा बघायला मागतोय. उन्हाळ्यापर्यंत काही आलं नाही. मग पाकिटं यायला लागली. एक चौकट चहाच्या पुडीच्या कागदात. एक काडेपेटीत, मोगऱ्यासकट. एक काळ्या कापडात शिवलेली, ताईत होता तो. मी टाके उसवताना मनात माफी मागितली. एकाने निरोप दिला होता की लवकर पाठवा, ही नसल्यापासून दुकानात गिऱ्हाईक येत नाही. एकाची चौकट इतकी हाताळलेली की चेहरा पुसट झाला होता. आमच्या प्रतीतल्या चौकटी तर आल्याच, पण दुसऱ्या प्रतींतल्याही आल्या. प्रती निराळ्या असल्या तरी वळणं तेच.

मी त्या काचेवर ओळीने लावायला घेतल्या. क्रम कसा लावायचा? चित्रात तिच्यामागचं दार स्थिर होतं. तिच्या कानातलं त्या दारापासून किती सरकलं ते भिंगातून बघायचं. पण पहिल्या काही चौकटींत कानातलं पुढे जायच्या ऐवजी खाली जात होतं, आणि मी त्या चुकीच्या जागी ठेवत होते. हार्तोनोने पाहिलं आणि बोटाने सरकवल्या. "आधी हनुवटी," तो म्हणाला. लगेच सगळं जुळलं.

त्या दिवसांत आमची खोली बदलली. कुणी बोललं नाही, पण बदलली. काचेवर तिचा चेहरा थोडा थोडा आमच्याकडे येत होता. दर पाकिटागणिक आणखी थोडा. माझं रोजचं काम दुसऱ्या टेबलावर असायचं, त्या टेबलाकडे पाठ करून. फिल्म सरकवता सरकवता मला मागून कुणीतरी थांबल्यासारखं वाटायचं. हाक मारली नव्हती कुणी. पण आपण हाक ऐकून वळायच्या बेतात असतो ना, तशी मान भरून यायची. मी वळत नसे. फ्राऊ केसलर संध्याकाळी निघताना त्या काचेवर पांढरं कापड टाकायला लागल्या. म्हणाल्या, धूळ बसते. बाकीच्या टेबलांवर त्यांनी कधी कापड टाकलं नव्हतं.

घरी मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, चष्मा लावायची वेळ आलीय तुझी." थोड्या वेळाने म्हणाले, "एकटी थांबत जाऊ नको तिथे."

सगळं वळण भरत आलं. हनुवटी, मान, गाल, नाक, पापण्या. फक्त शेवट येईना. पापण्या खाली असलेली चौकट होती, आणि त्यानंतर रिकाम्या दाराची. मधल्या तीन-चार चौकटी, ज्यांत ती डोळे वर करून पाहते, त्या कुठूनच आल्या नाहीत. हार्तोनोने पुन्हा निरोप धाडला. उत्तर आलं ते घेऊन तो ब्राउनश्वाइगहून मुद्दाम आला. चेहरा उतरलेला.

"त्या मिळणार नाहीत," तो म्हणाला. "कुणी ठेवल्याच नाहीत. एका गावात ती पडद्यावरून बघायला लागली आणि पोटुशी बाई चक्कर येऊन पडली. मग गावोगाव ऑपरेटर त्या चौकटी काढायला लागले. पण घरी नाही नेल्या. तिने पाहिलं की तिला जाऊ द्यायचं असतं. नदीत सोडल्या."

शेवटी फ्राऊ केसलर कामाचं बोलल्या. आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेला असते. चौकटी गेल्या की आवाजही तेवढा तुटतो, हिशेब चुकतो. रिकामी जागा भरायलाच हवी. दोन मार्ग आहेत. पापण्या मिटलेली चौकट तीन-चार वेळा छापायची, म्हणजे ती क्षणभर थिजलेली दिसेल आणि मग नाहीशी होईल. किंवा काळी फिल्म घालायची. डोळ्याचं पातं लवावं एवढा अंधार.

"थिजलेली नको," हार्तोनो म्हणाला. "थिजलेली माझ्याकडे फोटोत आहे."

"मग काळी."

"म्हणजे ती पाहणार नाही."

"नाही," फ्राऊ केसलर म्हणाल्या. त्यांना खोटा धीर द्यायची सवय नव्हती.

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली अंगणात कुणीतरी रिकामे डबे गाडीत टाकत होतं, त्याचा आवाज येत होता. "ठीक आहे," तो म्हणाला. "वळेल तरी."

ते तुकडे मीच सांधले. एक एक चौकट, दोन्ही बाजूंना सिमेंट, दोन्ही बाजूंना दाब. असं काम पुन्हा कधी माझ्या वाट्याला आलं नाही. पापण्यांच्या चौकटीनंतर काळी पट्टी मी माझ्या हाताने घातली. खालच्या मजल्यावर मशीनमध्ये एक एक चौकट थांबवून तिची छायाप्रत घेतली गेली. त्या नव्या निगेटिव्हवरून पहिली प्रत निघाली, आणि ती काचेवरून सरकवून मी तपासली. काळं जिथे हवं तिथे होतं.

ती प्रत दाखवायचं ठरलं. आमच्याकडे एक छोटी खोली होती, आठ-दहा खुर्च्यांची. दुपारची वेळ. हार्तोनो पुढे एकटा बसला, कोट अंगावर तसाच. फ्राऊ केसलर आणि मी मागे, भिंतीशी.

मला भाषा कळत नव्हती, पण गोष्ट पाठ झाली होती. शेवटचं रीळ लागलं. पाळणा, पाठ, रातकिड्यांचा आवाज. नवऱ्याने हाक मारली. ती थांबली. आणि वळायला लागली. ते वळणं मी हातांनी रचलेलं होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. प्रत्येक चौकट वेगळ्या गावातली. कुठली काळपट, कुठली फिकट, प्रत्येकीवर निराळे ओरखडे. त्यामुळे तिच्या चेहऱ्यावरचा उजेड सारखा हलत होता, समईची वात वाऱ्याने हलावी तसा. बाकी पडदा निवांत, फक्त ती थरथरणारी. हनुवटी खाली गेली. मान वळली. पापण्या आल्या. आणि तिने पाहिलं.

मी लिहिलंय ते बरोबर लिहिलंय. तिने डोळे वर केले आणि पाहिलं. मग दारात कुणी नव्हतं.

दिवे लागले. हार्तोनो उठून आमच्याकडे आला. तो रडत नव्हता. घरून जेवून निघालेल्या माणसासारखा शांत होता.

"ती शेवटची चौकट," त्याने मला विचारलं, "कोणत्या गावाहून आली? तुम्ही मला सांगितलं नाहीत. त्या माणसाचे आभार मानायला हवेत."

मी फ्राऊ केसलरकडे पाहिलं. नियमाबाहेर एक शब्द न बोलणारी ती बाई. त्या म्हणाल्या, "त्या पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं."

"मग परत कुणाला करणार?"

"ते आमचं आम्ही बघू."

त्याने आमच्या दोघींचे हात हातात घेतले आणि ब्राउनश्वाइगची गाडी गाठायला गेला. तो जिन्यावरून उतरेपर्यंत आम्ही थांबलो. मग फ्राऊ केसलरनी शेवटचं रीळ मशीनवरून काढून आणलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. मी हातमोजे घातले, चकती फिरवली. पापण्या. काळं. काळं. काळं. रिकामं दार. त्यांनी तो भाग स्वतः दिव्यासमोर धरला, भिंग लावलं, फुंकर मारली. "हो," त्या म्हणाल्या. "काळीच आहे."

मग मला विचारलं, "तुम्ही काय पाहिलंत?"

मी सांगितलं.

त्यांनी रीळ डब्यात ठेवलं, झाकण लावलं. "मी त्या वेळी चष्मा पुसत होते," त्या म्हणाल्या. त्या पुसत नव्हत्या. मी शेजारीच होते.

उसन्या चौकटी आम्ही ज्याच्या त्याला परत पाठवल्या, ताईत पुन्हा शिवून. नव्या प्रती जावाला गेल्या. हार्तोनो शिक्षण संपवून घरी गेला आणि पुढे एकदा कारखान्याच्या कामासाठी ड्युसेलडॉर्फला आला, तेव्हा आमच्या खोलीत येऊन बसला. सिनेमा पुन्हा जोरात चालला होता. त्याने तो गावच्या थिएटरात बघितला, आईला घेऊन. ती जागा आली की सगळं थिएटर श्वास धरतं, तो म्हणाला. बाहेर पडताना जो तो सांगतो, तिने माझ्याकडे पाहिलं. म्हातारी सांगते माझ्याकडे, शेवटच्या बाकड्यावरचा पोरगाही सांगतो माझ्याकडे.

मला एकच विचारायचं होतं. सिनेमा चालला की चौकटी जातात, हे मी पाहिलेलं होतं. मी विचारलं, "पुन्हा कापायला लागले असतील ना?"

"लागले," हार्तोनो म्हणाला. "हनुवटी गेली, गाल गेला. दोन-तीन प्रतींत मानही गेली. पण ती पाहते, ते सगळ्या प्रतींत तसंच आहे." तो जरासा हसला. "ऑपरेटर त्या जागेशी येतात, फिल्म दिव्यासमोर धरतात आणि तशीच ठेवून देतात. तिथे घेऊन जायला काहीच नसतं."